उत्तरेतून दक्षिणेत: अमेरिकेत राहते गाव बदलताना काय, कधी आणि कोणत्या क्रमाने तपासावे

न्यू जर्सी, इलिनॉय, मिशिगन किंवा मॅसॅच्युसेट्समध्ये १५-२० हिवाळे काढल्यावर टेक्सस, जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलायना किंवा फ्लोरिडा येथे जाऊ पाहणारी मराठी कुटुंबे बहुतेक वेळा एकाच पद्धतीने चुकतात. आधी एखाद्या मित्राकडून गावाचे नाव कानावर पडते, मग घरांच्या किमती पाहिल्या जातात, मग थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत चार दिवस जाऊन घर पसंत केले जाते, आणि शाळा, कर, विमा, पूर व व्हिसा यांचे प्रश्न करारावर सही झाल्यानंतर एकेक करून समोर येऊ लागतात. गेल्या काही वर्षांत ओळखीच्या अनेक कुटुंबांच्या स्थलांतराला हातभार लावताना मला हेच पुन्हा पुन्हा दिसले, आणि आमच्या स्वतःच्या स्थलांतरातही यातल्या दोन चुका झाल्या. म्हणून येथे कामांचा क्रम उलटा मांडला आहे. जे नंतर बदलता येत नाही ते आधी तपासायचे, आणि घर सर्वांत शेवटी पाहायचे.

एक गोष्ट सुरुवातीलाच मनात पक्की करावी. आपण बोलताना गाव निवडतो, पण शाळा, कर, पुराचा धोका आणि विमा हे सारे पत्त्यावर ठरते. एकाच नावाच्या गावात दोन रस्त्यांमधले अंतर पाव मैल असले तरी या चारही बाबी वेगळ्या असू शकतात.

१. घर पाहण्याआधी व्हिसा आणि कर

एच-१बी व्हिसावर असलेल्यांनी पहिला फोन रिअल्टरला न करता कंपनीच्या इमिग्रेशन वकिलांना करावा. एच-१बीची मंजुरी ठरावीक कामाच्या ठिकाणाशी बांधलेली असते. नवे ठिकाण जुन्या महानगर क्षेत्राच्या बाहेर असेल, तर कंपनी, हुद्दा आणि पगार तेच राहिले तरी कंपनीला सुधारित अर्ज करावा लागतो, आणि नव्या ठिकाणी काम सुरू होण्यापूर्वी तो दाखल झालेला असावा लागतो. २०१५ पासून याविषयी संदिग्धता उरलेली नाही. ‘मी तर घरूनच काम करतो, मला काय फरक पडतो?’ हा युक्तिवाद मी अनेकदा ऐकला आहे. परंतु घरून काम करणाऱ्याच्या बाबतीत घर हेच कामाचे ठिकाण असते, त्यामुळे नियम त्यालाही लागू होतो. ग्रीन कार्डची प्रक्रिया चालू असेल तर आणखी एक प्रश्न विचारावा: पर्मच्या, म्हणजे ग्रीन कार्डसाठी कंपनीने श्रम खात्याकडे केलेल्या, अर्जात नोंदलेले कामाचे ठिकाण बदलल्यामुळे प्रक्रिया पुन्हा सुरू करावी लागेल का? याचे उत्तर लेखी घ्यावे. व्यवस्थापकाने तोंडी दिलेला होकार या कामी उपयोगाचा नाही.

त्यानंतर कर. टेक्सस, फ्लोरिडा आणि टेनेसी ही राज्ये पगारावर राज्याचा आयकर घेत नाहीत. जॉर्जिया आणि नॉर्थ कॅरोलायना आपापला एकच सरसकट दर लावतात: जॉर्जियाचा दर २०२५ साठी ५.१९ टक्के आहे, तर नॉर्थ कॅरोलायनाचा २०२५ साठी ४.२५ आणि २०२६ साठी ३.९९ टक्के आहे. केवळ या आकड्यांवरून राज्य निवडणे ही फार मोठी चूक आहे, कारण जे राज्य पगारावर घेत नाही ते बहुधा घरावर आणि विक्रीकरातून घेते. त्याचा हिशेब सहाव्या टप्प्यात येईल.

न्यू यॉर्कच्या कंपनीत काम करणाऱ्यांसाठी एक वेगळा इशारा आहे. कर्मचारी स्वतःच्या सोयीसाठी राज्याबाहेरून काम करत असेल, तर त्या पगारावर न्यू यॉर्क राज्य आपला कर आकारत राहते. डॅलसला राहून न्यू यॉर्कचा कर भरावा लागणे हे अनेकांना पहिल्या वर्षीच्या विवरणपत्रात कळते.

न्यू जर्सीतले घर विकून निघणाऱ्यांमध्ये ‘एक्झिट टॅक्स’ची भीती असते. तो वेगळा कर नव्हे. राज्य सोडून गेलेल्या विक्रेत्याकडून नफ्यावरील कराची आगाऊ रक्कम घेतली जाते, ती विक्री किमतीच्या किमान २ टक्के असते, आणि अंतिम विवरणपत्रात तिचा हिशेब होऊन जास्तीची रक्कम परत मिळते. राज्याचे रहिवासी असतानाच विक्री पूर्ण झाली तर योग्य फॉर्म भरून ही अडवणूक बहुधा टाळता येते. मात्र त्यासाठी घरविक्री आणि प्रस्थान यांच्या तारखा एकमेकींशी जुळवून ठरवाव्या लागतात.

तपासणी: वकिलाचे लेखी उत्तर, नव्या राज्यात पगार देण्यासाठी कंपनीची नोंदणी असल्याची खात्री, आणि दोन राज्यांत अर्ध्या-अर्ध्या वर्षाचे विवरणपत्र भरण्याची तयारी. या तीन गोष्टी हातात आल्याशिवाय पुढचा टप्पा सुरू करू नये.

२. गाव कोणासाठी निवडायचे ते ठरवणे

हा टप्पा एका संध्याकाळी जेवणाच्या टेबलाशी बसून करावा आणि कागदावर लिहून ठेवावा. मुलांची वये, आई-वडिलांचे येणे, नोकरीचे दिवस, प्रकृतीच्या तक्रारी आणि ज्यांच्यावाचून खरोखर अडेल अशा तीन गोष्टी लिहाव्यात. तीनपेक्षा जास्त लिहू नयेत, कारण १५ अटींची यादी म्हणजे कोणतीच अट नसल्यासारखे आहे.

मूल नववीच्या पुढे असेल तर वेळेचा विचार प्रथम करावा. सरकारी विद्यापीठात राज्यातील रहिवाशाची फी मिळण्यासाठी सर्वसाधारणपणे सत्र सुरू होण्यापूर्वी १२ महिने त्या राज्यात वास्तव्य असावे लागते, त्यामुळे बारावीच्या मध्यावर केलेले स्थलांतर चार वर्षांच्या फीवर परिणाम करू शकते. टेक्ससमध्ये शाळेतल्या क्रमांकाला फार महत्त्व आहे. वरच्या १० टक्के विद्यार्थ्यांना राज्यातील सरकारी विद्यापीठांत आपोआप प्रवेश मिळतो, आणि ऑस्टिनच्या विद्यापीठाने ही मर्यादा २०२६ च्या प्रवेशापासून वरच्या ५ टक्क्यांवर आणली आहे. ज्या शाळेची ख्याती ऐकून आपण जातो, तेथेच वरच्या ५ टक्क्यांत येणे सर्वांत कठीण असते. अकरावीत आलेल्या मुलाचे जुन्या शाळेतले गुण क्रमांकासाठी कसे मोजले जातात, हे प्रत्येक स्कूल डिस्ट्रिक्टला वेगळे विचारावे लागते.

लहान मुलांच्या बाबतीत वयाची तारीख पाहावी. न्यू यॉर्क शहरात त्या कॅलेंडर वर्षात ५ पूर्ण होणारे मूल किंडरगार्टनमध्ये जाते. टेक्सस, जॉर्जिया आणि फ्लोरिडा येथे १ सप्टेंबरपर्यंत आणि नॉर्थ कॅरोलायनात ३१ ऑगस्टपर्यंत ५ वर्षे पूर्ण असावी लागतात. ऑक्टोबरमध्ये जन्मलेल्या मुलाचे यात एक वर्ष पुढेमागे होते. शाळाही लवकर उघडतात. जॉर्जियात अनेक ठिकाणी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात वर्ग सुरू होतात, म्हणजे न्यू जर्सीतली शाळा जूनअखेर संपल्यावर हातात जेमतेम पाच आठवडे उरतात.

आई-वडिलांचा विचार मी मुद्दाम स्वतंत्रपणे करायला सांगते, कारण तो नेहमी राहून जातो. ते एका वेळी सहा-सहा महिने येतात, गाडी चालवत नाहीत, आणि न्यू जर्सीतल्या एडिसनसारख्या ठिकाणी त्यांना चालत दुकानात, देवळात किंवा शेजारच्या काकांकडे जाण्याची सवय झालेली असते. दक्षिणेतल्या नव्या वसाहतींत पदपथ असले तरी ते बहुधा वसाहतीच्या दारातच संपतात, आणि जुलैच्या उन्हात सकाळी साडेआठनंतर बाहेर चालणे ज्येष्ठांना झेपत नाही. विमानाचेही पाहावे. नेवार्कहून मुंबईला थेट उड्डाण आहे. दक्षिणेत गेल्यावर डॅलस, ह्यूस्टन किंवा अटलांटाहून एका थांब्यात जाता येते, परंतु लहान विमानतळाचे गाव निवडल्यास बऱ्याचदा दोन ठिकाणी विमान बदलावे लागते. ७५ वर्षांच्या आजींना तो फरक चांगलाच जाणवतो.

३. हवामान: सरासरी तापमान पाहू नये

‘तिथे थंडी नसते’ एवढ्यावर निर्णय घेणारे लोक सरासरी तापमान पाहतात. पाहायची ती लागोपाठच्या कडक दिवसांची संख्या, दमटपणा आणि रात्रीचे तापमान. २०२३ च्या उन्हाळ्यात ऑस्टिनमध्ये लागोपाठ ४५ दिवस पारा १०० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे ३८ अंश सेल्सियसच्या, वर गेला होता. ह्यूस्टन आणि फ्लोरिडाचा उन्हाळा मुंबईच्या मे महिन्यासारखा दमट असतो, तर डॅलसचा तुलनेने कोरडा पण भाजणारा. मुंबईत वाढलो म्हणून सोसेल, असे गृहीत धरू नये. उत्तरेत २० वर्षे राहिल्यावर शरीराची ती सवय गेलेली असते.

दमा किंवा ॲलर्जी असणाऱ्यांनी परागकणांचा हंगाम विचारावा. ऑस्टिन आणि मध्य टेक्ससमध्ये डिसेंबर ते फेब्रुवारीत जुनिपर झाडांच्या परागामुळे येणारा ‘सीडर फीव्हर’ निरोगी माणसालाही आडवा करतो. अटलांटा आणि रॅली येथे मार्चअखेरीस पाइनच्या परागाचा पिवळा थर गाड्यांवर साचतो.

आणखी एक गैरसमज असा की दक्षिणेत नळ गोठत नाहीत. फेब्रुवारी २०२१ च्या हिमवादळात टेक्ससमध्ये लाखो घरांची वीज दिवसेंदिवस गेली आणि असंख्य घरांतले पाइप फुटले, कारण तेथे पाण्याचे पाइप पुष्कळदा माळ्यावरून किंवा बाहेरच्या भिंतीतून नेलेले असतात. घर पाहताना पाइप कोठून जातात आणि पाण्याचा मुख्य कॉक कोठे आहे, हे विचारणे अपरिहार्य आहे.

४. टपालातले गाव आणि प्रत्यक्षातले गाव

येथे सर्वाधिक कुटुंबे फसतात, म्हणून सावकाश वाचावे.

पत्त्यात लिहिलेले गाव टपाल खात्याच्या सोयीचे असते. त्यावरून नगरपालिका, काउंटी किंवा शाळा ठरत नाही. अटलांटाच्या उत्तरेला ‘अल्फारेटा’ असा पत्ता असलेली हजारो घरे प्रत्यक्षात अल्फारेटा शहराच्या हद्दीत नाहीत. शहर फुल्टन काउंटीत आहे आणि ही घरे फोरसाइथ काउंटीत. त्यामुळे शाळा, प्रॉपर्टी टॅक्स, पोलिस, वाचनालय सारेच वेगळे. डॅलसच्या उत्तरेला प्लेनो शहरात राहणारी काही मुले फ्रिस्को स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये जातात, आणि उलट फ्रिस्को शहराच्या काही भागांतली मुले प्रॉस्पर, लुइसव्हिल किंवा लिटल एल्म डिस्ट्रिक्टमध्ये जातात. ‘फ्रिस्कोत घर घेतले’ म्हणजे ‘फ्रिस्कोची शाळा मिळाली’ असे होत नाही.

नॉर्थ कॅरोलायनात रचना निराळी आहे. वेक काउंटीत, म्हणजे रॅली, केरी, एपेक्स, मॉरिसव्हिल या भागात, संपूर्ण काउंटीची एकच शाळाव्यवस्था आहे. पत्त्यावरून एक शाळा ठरते खरी, पण विद्यार्थी फार झाले की ती शाळा नव्यांसाठी बंद होते आणि उशिरा आलेल्या मुलाला दुसऱ्या, अनेकदा लांबच्या, शाळेत पाठवले जाते. काही शाळा वर्षभर चालणाऱ्या वेळापत्रकाच्या आहेत. तेथे सत्र जुलैत सुरू होते आणि भारतात जाण्याच्या उन्हाळी सुट्टीचे सारे गणित बदलते. केरीचा काही भाग चॅटम काउंटीत आहे, तेथे शाळाव्यवस्थाही वेगळी.

प्रक्रिया अशी ठेवावी. प्रथम काउंटीच्या करनिर्धारण कार्यालयाच्या संकेतस्थळावर घराचा पत्ता घालून काउंटी, शहर आणि स्कूल डिस्ट्रिक्ट यांची नोंद पाहावी. मग स्कूल डिस्ट्रिक्टच्या स्वतःच्या संकेतस्थळावर तोच पत्ता घालून प्राथमिक, माध्यमिक आणि हायस्कूल अशा तिन्ही शाळा लिहून घ्याव्यात. नंतर डिस्ट्रिक्टच्या कार्यालयात फोन करून तीन प्रश्न विचारावेत: या शाळा नव्या विद्यार्थ्यांना घेत आहेत का, येत्या दोन वर्षांत हद्दी बदलण्याचा प्रस्ताव आहे का, आणि आमच्या मुलाचा चालू विषय, उदाहरणार्थ पुढच्या इयत्तेचे गणित, येथे त्याच पातळीवर मिळेल का? वेगाने वाढणाऱ्या गावांत हद्दी वारंवार बदलतात. घरविक्रीच्या संकेतस्थळांवरची शाळेची नावे आणि दहापैकी दिलेले गुण यांवर विसंबू नये. रिअल्टरही शाळेची लेखी हमी देत नाही.

सावधान: शेजारच्या घरातली मुले अमुक शाळेत जातात, हा पुरावा नाही. हद्द बदलण्यापूर्वी प्रवेश घेतलेल्यांना अनेकदा जुन्याच शाळेत राहू दिले जाते.

५. पूर, वादळ आणि विमा

पसंतीच्या पाच-सहा पत्त्यांची यादी झाली की घर आतून पाहण्याआधी फेमाचा, म्हणजे केंद्र सरकारच्या आपत्ती व्यवस्थापन संस्थेचा, पूरनकाशा उघडावा. नकाशात ‘ए’ किंवा ‘व्ही’ अक्षराने सुरू होणारे विभाग अतिधोक्याचे असतात. तेथे दर वर्षी पुराची शक्यता किमान १ टक्का धरलेली असते. एक टक्का ऐकायला किरकोळ वाटतो, पण ३० वर्षांच्या कर्जाच्या काळात तोच धोका सुमारे २६ टक्क्यांवर जातो. ‘एक्स’ विभाग कमी धोक्याचा. मात्र बिनधोक असे तेथेही समजू नये. ऑगस्ट २०१७ मध्ये हार्वी वादळात ह्यूस्टन परिसरात बुडालेल्या घरांपैकी मोठा हिस्सा नकाशातल्या पूरक्षेत्राबाहेर होता. शहराच्या पश्चिमेला ॲडिक्स आणि बार्कर या दोन पूरनियंत्रण जलाशयांच्या बुडीत क्षेत्रात खासगी वसाहती उभ्या होत्या, आणि तेथल्या पुष्कळ रहिवाशांना ते पाणी घरात शिरल्यावर कळले. समुद्रापासून दूर गेल्याने प्रश्न सुटतोच असेही नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन वादळाने नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरातल्या ॲशव्हिलला उद्ध्वस्त केले आणि तेथे पिण्याचे पाणी कित्येक आठवडे नव्हते.

घराच्या नेहमीच्या विम्यात पूर येत नाही. पुराचा विमा वेगळा घ्यावा लागतो. सरकारी पूरविम्यात घरासाठी कमाल २,५०,००० डॉलर आणि सामानासाठी कमाल १,००,००० डॉलर मिळतात, आणि नव्या कर्जाबरोबर घेतला नसेल तर तो साधारण ३० दिवसांनी लागू होतो. वादळ मेक्सिकोच्या आखातात शिरल्यावर विमा शोधणे म्हणूनच व्यर्थ आहे. ‘एक्स’ विभागातही हा विमा घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

नेहमीच्या विम्याचे दर मागवताना एकूण हप्ता न पाहता डिडक्टिबल, म्हणजे नुकसानीत आधी आपण सोसायची रक्कम, पाहावे. उत्तरेत ते १,००० किंवा २,५०० डॉलर असे ठरलेले असते. दक्षिणेत वादळ आणि गारांसाठी ते अनेकदा घराच्या विमा रकमेच्या टक्केवारीत असते. ५,००,००० डॉलरच्या विमा रकमेवर २ टक्के म्हणजे १०,००० डॉलर पहिल्यांदा आपल्या खिशातून. डॅलस भागात गारांनी छप्पर जाणे नवलाचे नाही, म्हणून ही रक्कम बाजूला असलीच पाहिजे. फ्लोरिडात छपराच्या वयावर सारे अवलंबून असते. जुन्या घरासाठी छप्पर, वीज, नळ आणि वातानुकूलन यांची ‘फोर पॉइंट’ तपासणी आणि वाऱ्याला तोंड देण्याच्या बांधणीची वेगळी तपासणी विमा कंपन्या मागतात. टेक्ससच्या किनारी काउंटींत वाऱ्याचा विमा अनेकदा स्वतंत्र घ्यावा लागतो.

जमीनही विचारावी. डॅलस, ऑस्टिन आणि ह्यूस्टन भागातली चिकणमाती पाण्याने फुगते आणि कोरडी पडली की आकसते, त्यामुळे पाया हलतो. दारे न लागणे, खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरकी गेलेली भेग, विटांमधली पायऱ्यांसारखी भेग दिसली तर नेहमीच्या तपासनिसाव्यतिरिक्त स्ट्रक्चरल इंजिनियर बोलवावा. जॉर्जिया आणि कॅरोलायनांत वाळवीचा करार, ज्याला तेथे ‘टर्माइट बाँड’ म्हणतात, चालू आहे का आणि नव्या मालकाच्या नावावर होतो का, हे पाहावे.

तपासणी: प्रत्येक पत्त्यासाठी दोन कंपन्यांचे लेखी दर, पूरविम्याचा दर आणि विक्रेत्याने दिलेली पुराची माहिती हातात असावी. दर मागवायला पैसे पडत नाहीत. ऑफर देण्याआधी मागवावेत, नंतर नव्हे.

६. प्रॉपर्टी टॅक्सचा खरा हिशेब

विक्रेत्याच्या कराचा आकडा आपला नव्हे. हे वाक्य मी प्रत्येकाला लिहून देते, तरीही निम्मे लोक जाहिरातीतला आकडाच धरतात.

फ्लोरिडात राहत्या घराचे करपात्र मूल्य वर्षाला जास्तीत जास्त ३ टक्के, किंवा महागाई त्याहून कमी असेल तर तेवढेच, वाढू शकते. २० वर्षे राहिलेल्या विक्रेत्याचा कर म्हणून फारच कमी दिसतो. घर विकले की पुढच्या १ जानेवारीला मूल्य बाजारभावावर येते आणि कर दुप्पट-तिप्पटही होऊ शकतो. टेक्ससमध्ये राहत्या घरासाठी ही मर्यादा १० टक्के आहे आणि तेथेही विक्रीनंतर ती नव्याने सुरू होते.

नव्या वसाहतींत टेक्ससचा ‘मड’ म्हणजे म्युनिसिपल युटिलिटी डिस्ट्रिक्ट आणि फ्लोरिडाचा ‘सीडीडी’ म्हणजे कम्युनिटी डेव्हलपमेंट डिस्ट्रिक्ट पाहावा. पाणी, गटारे आणि रस्ते यांसाठी काढलेले कर्ज घरमालकांकडून वर्षानुवर्षे वसूल करण्याची ही व्यवस्था आहे. एक नमुना हिशेब करू. टेक्ससमध्ये ५,००,००० डॉलर मूल्याचे घर आहे, शाळेचा दर १.०५ टक्के, काउंटी व शहर मिळून ०.६५ टक्के आणि मड ०.६० टक्के. राहत्या घराची सवलत घेतली की शाळेच्या करासाठी १,४०,००० डॉलर वजा होतात, म्हणून शाळेचा कर ३,६०,००० वर ३,७८० डॉलर; उरलेला १.२५ टक्के पूर्ण मूल्यावर म्हणजे ६,२५० डॉलर; एकूण १०,०३० डॉलर. शेजारच्या जुन्या वसाहतीत मड नसेल तर हाच कर ७,०३० डॉलर. महिन्याला २५० डॉलरचा हा फरक एचओएच्या, म्हणजे वसाहतीतल्या घरमालक संघाच्या, वर्गणीखेरीज आहे.

आमची पहिली चूक येथेच झाली. नवे बांधलेले घर घेतले तेव्हा पहिल्या वर्षीचा कर रिकाम्या जमिनीवर आकारलेला होता, आणि बँकेने एस्क्रोसाठी, म्हणजे कर व विमा भरण्यासाठी हप्त्यातून साठवायच्या रकमेसाठी, तोच धरला. दुसऱ्या वर्षी पूर्ण घरावर आकारणी झाली, एस्क्रोत हजारो डॉलरची तूट निघाली, आणि मासिक हप्ता एकदम वाढला. नवे घर घेणाऱ्यांनी पूर्ण मूल्यावर दर लावून स्वतः हिशेब करावा आणि फरकाची रक्कम पहिल्या महिन्यापासून बाजूला ठेवावी.

७. ऑगस्टमधला आठवडा

आमची दुसरी चूक म्हणजे नोव्हेंबरात गाव पाहणे. नोव्हेंबरात दक्षिणेतले प्रत्येक गाव सुंदर असते.

दोन गावांपर्यंत निवड आली की जुलैअखेर किंवा ऑगस्टमध्ये सात दिवस जावे, हॉटेलात न उतरता त्या वसाहतीजवळ भाड्याचे घर घ्यावे, आणि नेहमीचे आयुष्य जगावे. मंगळवारी सकाळी साडेसातला कचेरीचा रस्ता गाडीने पार करावा आणि टोल किती गेला ते लिहावे. डॅलस आणि ह्यूस्टनमध्ये टोल टाळणारा रस्ता अनेकदा दुप्पट वेळ घेतो. दुपारी तीनला शाळेबाहेरची गाड्यांची रांग पाहावी. संध्याकाळी सहाला मुलांना मैदानावर न्यावे आणि ती किती वेळ टिकतात ते पाहावे. मुसळधार पाऊस आला तर ती संधी समजून वसाहतीत फिरावे. पाणी कोठे साचते ते त्या तासाभरात दिसते.

घराच्या आत आपल्याला लागणाऱ्या दोन गोष्टी पाहाव्यात. फ्लोरिडात पुष्कळ घरांत गॅसची जोडणीच नसते, आणि विजेच्या शेगडीवर फुलके व भाकरी करणाऱ्यांना ते आधी कळलेले बरे. दक्षिणेतल्या बहुतेक घरांना तळघर नसते. उत्तरेत तळघरात ठेवलेले सामान माळ्यावर जाते, आणि उन्हाळ्यात माळा भट्टीसारखा तापतो. फोटोंचे अल्बम, औषधे, गणपतीची शाडूची मूर्ती तेथे ठेवता येत नाही. टेक्सस आणि जॉर्जियात टॉर्नेडोच्या इशाऱ्याच्या वेळी कुटुंब घराच्या मध्यभागी, खिडकी नसलेल्या कोणत्या खोलीत बसेल, हेही त्याच फेरीत पाहून ठेवावे.

मराठी मंडळाची चौकशी याच आठवड्यात करावी, पण चौकशी नेमकी असावी. डॅलस, ह्यूस्टन, अटलांटा येथे जुनी महाराष्ट्र मंडळे आहेत. मात्र मंडळ आहे म्हणजे मराठी शाळा आपल्या घरापासून ४५ मिनिटांच्या आत भरते असे नाही. शाळेचा पत्ता, वार आणि वेळ विचारावी. एखाद्या कार्यक्रमाला जाऊन तीन वेगवेगळ्या कुटुंबांना एकच प्रश्न विचारावा: पुन्हा निवडायचे झाले तर याच गल्लीत घर घ्याल का? गावाविषयी विचारले तर सगळे चांगलेच सांगतात. गल्लीविषयी विचारले तर खरी उत्तरे मिळतात.

८. आधी भाड्याने

शक्य असेल तर पहिले वर्ष भाड्याने राहावे, आणि ज्या शाळेच्या हद्दीत घर घ्यायचे आहे त्याच हद्दीत राहावे, म्हणजे मुलांची शाळा दोनदा बदलत नाही. भाड्याचे पैसे वाया जातात, हा आक्षेप मला मान्य नाही. चुकीचे घर दोन वर्षांत विकायचे झाले तर रिअल्टरचे कमिशन आणि व्यवहाराचा खर्च वर्षभराच्या भाड्याच्या आसपास सहज जातो. भाड्याच्या वर्षात एक पूर्ण उन्हाळा आणि वादळांचा एक हंगाम, जो १ जून ते ३० नोव्हेंबर असतो आणि गणेशोत्सवाच्या सुमारास सर्वाधिक जोरात असतो, अनुभवाला येतो. भाड्याने राहताना सामानाचा आणि पुराचा विमा स्वतः घ्यावा. घरमालकाचा विमा आपल्या सामानाला लागू होत नाही.

९. पोहोचल्यावर

येथे क्रमापेक्षा मुदती महत्त्वाच्या. अमेरिकी नागरिक नसलेल्यांनी पत्ता बदलल्याची एआर-११ ही सूचना १० दिवसांत द्यायची असते, आणि ती कुटुंबातल्या प्रत्येकासाठी वेगळी. वाहन परवान्यासाठी टेक्सस ९० दिवस, नॉर्थ कॅरोलायना ६० दिवस, जॉर्जिया आणि फ्लोरिडा ३० दिवस देतात. टेक्ससमध्ये गाडीची नोंदणी मात्र ३० दिवसांत करावी लागते. जॉर्जियात नव्या रहिवाशाला गाडीच्या मूल्यावर ३ टक्के एकरकमी कर लागतो, त्याची तरतूद ठेवावी. सरकारी मार्केटप्लेसमधून घेतलेला आरोग्यविमा राज्याबरोबर बदलतो आणि ज्येष्ठांच्या मेडिकेअर ॲडव्हांटेज विम्याची योजना काउंटीनुसार असते, म्हणून निवृत्तांनी स्थलांतराच्या तारखेआधीच नवी योजना पाहून ठेवावी.

पासपोर्ट आणि ओसीआयच्या कामांसाठी टेक्ससवासीयांचा भारतीय वाणिज्य दूतावास ह्यूस्टनला, जॉर्जिया आणि फ्लोरिडावासीयांचा अटलांटाला आहे, तर नॉर्थ कॅरोलायनावासीयांसाठी वॉशिंग्टनचा दूतावास आहे. आई-वडिलांचा किंवा स्वतःचा पासपोर्ट सहा महिन्यांत संपणार असेल तर जुन्या पत्त्यावर असतानाच नूतनीकरण करून घ्यावे. पत्त्याचे पुरावे जुळवण्यात नंतर फार वेळ जातो.

घर घेतले की राहत्या घराच्या सवलतीचा अर्ज स्वतः करावा, कारण ती आपोआप मिळत नाही. फ्लोरिडात मुदत १ मार्च, जॉर्जियात १ एप्रिल, टेक्ससमध्ये सर्वसाधारणपणे ३० एप्रिल; नॉर्थ कॅरोलायनात अशी सर्वांसाठीची सवलत नाही. टेक्ससमध्ये वाहन परवान्यावरचा पत्ता आणि घराचा पत्ता एकच असावा लागतो, म्हणून परवाना आधी बदलावा आणि अर्ज नंतर करावा. ‘तुमचा अर्ज आम्ही भरून देतो’ असे सांगून पैसे मागणारी पत्रे घर घेतल्यानंतर महिनाभरात येऊ लागतात. हा अर्ज काउंटीच्या कार्यालयात विनामूल्य करता येतो. टेक्ससमध्ये त्यानंतर दर वसंत ऋतूत मूल्यनिर्धारणाची सूचना येते, आणि तिच्याविरुद्ध हरकत घेण्याची मुदत १५ मे किंवा सूचना पाठवल्यापासून ३० दिवस, यांपैकी जी नंतरची असेल ती असते. शेजारच्या तीन-चार घरांचे मूल्य आणि आपल्या घरातल्या दुरुस्तीचे अंदाजपत्रक जोडून ही हरकत पहिल्याच वर्षी घ्यावी.